धावपट्टीची पट्टी

टोमॅटोचा क्रेट वरून बघून काही कळत नाही. वरचा थर सगळ्यांचाच लालभडक असतो. मी क्रेट ताडपत्रीवर उपडा करते, बुडाचा माल बघते आणि मगच तोंड उघडते. निमगाव साव्यापासून नारायणगावपर्यंत माझ्या या सवयीला शेतकरी वैतागलेले आहेत. माझ्या पाठीमागे ते मला काय म्हणतात हे मला ठाऊक आहे आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण माझा पिकअप आला की तेच शेतकरी आधी माझ्याकडे येतात, कारण मी एकदा बोललेला भाव मागे घेत नाही.

अशी मी, आणि आयुष्यात एका कागदावर बूड न बघता सही केली. त्या सहीला विमानतळ कारण आहे. जे विमानतळ अजून झालेलं नाही, होईल तेव्हा आमच्याकडे होणार नाही आणि ज्यात मी कधी पाऊल टाकेन असं मला वाटत नाही.

माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, दक्षिणेच्या कडेला. आमच्या शिवाराचा बांध ओलांडला की खेड तालुका लागतो. वडिलांची जमीन माळाची. ज्वारी, बाजरी, मटकी. नंतर कालवा कडेने गेला तेव्हा अर्ध्या माळाला पाणी मिळालं. वडील गेले तेव्हा सातबाऱ्यावर तीन नावं लागली : आई, धाकटा भाऊ आणि मी. माझं लग्न होऊन मी तोवर निमगाव साव्याला आले होते, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या डोक्यावर घेऊन आठवडी बाजार करत होते. पाटीवरून हातगाडी, हातगाडीवरून भाड्याचा टेम्पो, टेम्पोवरून स्वतःचे दोन पिकअप इथपर्यंत मी आले ती कुणाच्या जमिनीवर आले नाही. मला माहेरच्या जमिनीतून काही पिकवायचं नव्हतं. पण कधी तलाठ्याकडे काम निघालं आणि उतारा हातात आला, की वडिलांच्या गटात माझं नाव बघून बरं वाटायचं. एवढंच त्या जमिनीचं आणि माझं नातं होतं, आणि ते मला पुरत होतं.

आता विमानतळाचं. पुण्याला विमानतळ आहे, लोहगावला. पण ते मुळात हवाई दलाचं. प्रवासी विमानं तिथे भाडेकऱ्यासारखी राहतात. मालकाला सवड असेल तेव्हा उठायचं, सवड असेल तेव्हा उतरायचं. आमच्याकडच्या कुणाला परदेशात जायचं झालं की बहुतेक वेळा गाडी करून मुंबई गाठावी लागायची. म्हणून पुण्याला स्वतःचं मोठं, आंतरराष्ट्रीय विमानतळ पाहिजे, असं मी पोरगी होते तेव्हापासून ऐकत आले. आधी म्हणाले चाकणला. मग म्हणाले चाकणला नाही, राजगुरुनगरच्या बाजूला. म्हणजे आमच्या बांधापलीकडे.

कागदोपत्री ते सगळं खेड तालुक्यात होतं. पण आमचं गाव कागदावर थांबणारं नाही. पारावर रोज विमानतळ मोजलं जायचं. कुणी काठीने मातीत रेघ ओढायचा आणि सांगायचा, विमान इकडून उतरणार, तिकडून उठणार. रेघ दरवेळी थोडी लांब व्हायची. महिन्याभरात धावपट्टीचं शेपूट बांध ओलांडून आमच्या शिवारात आलं आणि वडिलांच्या माळावर येऊन टेकलं. वडापावच्या एका गाडीवर 'एअरपोर्ट' असं रंगवून झालं. ज्या माळावर शेळ्या सुद्धा नाखुशीने जायच्या तिथे पांढऱ्या गाड्या थांबायला लागल्या, आणि गॉगल लावलेली माणसं उतरून माती हातात घेऊन बघायला लागली. मातीतलं त्यांना काय कळत होतं देव जाणे.

मग ग्रामसभा झाली. तिथे कुणीतरी माइक घेऊन भाषण केलं. विमानतळ झालं की संध्याकाळी तोडलेली भाजी सकाळी दुबईत, पोरांना नोकऱ्या, जमिनीला सोन्याचा भाव. आणि शेवटी म्हणाला, "धावपट्टी आपल्या शिवारावर येणार, याची सर्वांनी नोंद घ्यावी."

आई मागे बायकांत बसली होती. माइक खरखरत होता. आईला एवढंच ऐकू आलं की शिवारावर पट्टी येणार आहे आणि सर्वांची नोंद होणार आहे.

यात आईला हसण्यासारखं काही नाही. आमच्याकडे पट्टी म्हणजे भरायची वस्तू. घरपट्टी असते, पाणीपट्टी असते, थकली की नोटीस येते. बाजारात आम्ही शेतकऱ्याला मालाच्या विक्रीची जी चिठ्ठी देतो तिलाही पट्टी म्हणतात, आणि तीही बघून शेतकऱ्याचं तोंड पडतंच. विमान धावतं त्या रस्त्याला आम्ही सगळे रनवे म्हणायचो. टीव्हीवर तसंच ऐकलेलं. धावपट्टी हा शब्द आईने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो खरखरत्या माइकवरून.

दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला. हंगाम जोरात होता. पिकअप भरून उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, एक शेतकरी माझ्यासमोर उभा राहून शपथा घेतोय की बुडाचा माल वरच्यासारखाच आहे.

"बाई गं, जमिनीवर पट्टी येनार हाय," आई म्हणाली.

"कसली पट्टी?"

"धावपट्टी का काय म्हनत्यात. हायेच कायतरी सरकारी. ज्याचं नाव आसंल त्याला भरावी लागनार. तुझं नाव हाय ना वर. उगा तुझ्या डोक्याला ताप कशापायी? भाऊ म्हनतोय नाव काढून घिऊ. घोडेगावला येऊन सही करून जा."

"बघू नंतर."

"नंतर न्हाई. तुझ्या सासरच्यांना कळलं की माहेरच्या जमिनीची पट्टी तू भरतीस, तर काय म्हनतील?"

मी म्हणाले बरं. मला वाटलं पाणीपट्टीचंच काहीतरी असेल. कालव्याच्या पाण्याची थकबाकी निघत असेल आणि भावाला एकट्याच्या नावावर भरणं सोपं जात असेल.

घोडेगावच्या कचेरीत भाऊ दोन साक्षीदार घेऊन उभा होता. हक्कसोडपत्र होतं. हा कागद आमच्याकडच्या जवळजवळ प्रत्येक बहिणीने केलेला असतो. भाऊ साडीचोळी करतो, बहीण बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडते, आणि दोघं मिळून मिसळ खाऊन घरी जातात. माझा फोटो निघाला, अंगठा घेतला, सही झाली. कागद चार पानांचा होता. मी पहिल्या पानावरचं आईचं नाव वाचलं आणि थांबले. आई बाकावर बसून माझ्याकडे बघत होती, जणू मला एखाद्या आजारातून सोडवत होती. मी पुढचं पान उलटलं नाही. भावाने मोरपंखी साडी दिली. रंग चांगला होता, हे मी कबूल करते.

त्यानंतर महिन्याभराने मी जुन्नरच्या चाचांच्या गोदामात बसले होते. चाचांचा कांद्याचा धंदा. आमचा व्यवहार वीस वर्षांचा, आणि वीस वर्षांत एकही सौदा भांडणाशिवाय झालेला नाही. चहा येईपर्यंत ते पेपर वाचत होते. मोठ्याने वाचायची त्यांना सवय. "नियोजित विमानतळाच्या दोन धावपट्ट्यांपैकी…" असं त्यांनी वाचलं.

"धावपट्टी म्हणजे?" मी विचारलं.

"रनवे, बाई. विमान धावतं ती पट्टी. का?"

चहा आला तसाच राहिला. चाचांनी पेपर खाली घेतला.

"काय झालं? तुमच्याच माहेराकडं आहे ना हे?"

मी त्यांना सांगितलं. चाचा कपाळावर हात मारून म्हणाले, "तुम्ही सही केली? तुम्ही? गेल्या आठवड्यात माझ्या कांद्याच्या अठरा गोण्या फोडून बघितल्या तुम्ही. अठरा! आणि हे न वाचता?"

"आईने सांगितलं होतं."

"आईने सांगितलं म्हणून काय झालं, कागद का आईने लिहिला होता?"

त्या दिवशी मी चाचांशी कांद्याचा भाव केला नाही. सांगतील तो दिला. ते पुढे वर्षभर ही गोष्ट सांगून मला चिडवायचे.

मी तशीच माहेरी गेले. भाऊ ओट्यावर बसून कुणाला तरी फोनवर जमिनीचा नकाशा समजावत होता. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"धावपट्टी म्हंजे काय रे?"

तो हसला. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. "रनवे, आक्का. एवढं बी म्हाईत न्हाई व्हय?"

"मंग आईला काय सांगितलं व्हतंस?"

"मी काय सांगितलं? तीच मला येऊन म्हनली पट्टी येनार. मी म्हनलं आसंल."

"आसंल म्हनलास?"

"आता आईला विमानतळ समजावत बसू का? सरकारी मानूस आला की दोन सह्या बऱ्या का तीन, तूच सांग. तुला काय कमी हाय? दोन गाड्या हायेत तुझ्या."

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. शेजारच्या तीन घरांतून लोक बाहेर आले होते एवढं सांगते. आई आतून येऊन म्हणाली, "भांडू नगा, पट्टी काय लई न्हाई यायची." तिला अजूनही तसंच वाटत होतं, आणि भाऊ तिच्यासमोर गप्प उभा राहिला. तिथे मला समजलं की त्याने खोटं एकदाही बोललेलं नाही. आईचं चुकलेलं ऐकणं त्याने फक्त तसंच राहू दिलं होतं.

माहेर तोडलं नाही. आई होती. भाऊबीजेला मी जायचे, ओवाळायचे, ताटात त्याने टाकलेलं उचलायचे, आणि दरवर्षी निघताना उंबऱ्यात उभं राहून विचारायचे, "आईला सांगितलं का धावपट्टी म्हंजे काय?" तो दरवर्षी म्हणायचा, "सांगतो गं." मला जमिनीचा तुकडा नको होता. माझं नाव त्या उताऱ्यावर परत लागावं आणि ते का निघालं हे त्याने आईच्या तोंडावर सांगावं, एवढं मला पाहिजे होतं. त्याला या दोन्हीतलं एकही जमत नव्हतं.

इकडे विमानतळ पुढे सरकेना. कधी मोजणी व्हायची, कधी मोजणीवाल्यांना लोक परत पाठवायचे. कुणी म्हणायचं डोंगर आडवे येतात, कुणी म्हणायचं शेतकऱ्यांचा विरोध आहे. पांढऱ्या गाड्या येत राहिल्या, पण माणसं उतरेनाशी झाली. काचा खाली करून बघायची आणि निघून जायची. आणि मग एक दिवस बातमी आली की विमानतळ पुरंदरला गेलं. एवढी जड वस्तू, जी आलीच नव्हती, ती गेली. वडापाववाल्याने गाडीवरचं 'एअरपोर्ट' पुसलं नाही. रंगाला खर्च कोण करणार. ते अजून तिथे आहे.

लोकांना वाटलं मला बरं वाटलं असेल. चाचा म्हणाले, "चला, भावाची जिरली." मला कुठलं बरं वाटतंय. सही तर गेली होती. ज्याच्यासाठी गेली तेही गेलं होतं. निदान त्या माळावरून एखादं विमान उडालं असतं तर मी म्हणाले असते की हे बघा, हे माझ्या सहीवरून उडालं. आता माळावर भाऊ पुन्हा मटकी करत होता, आणि त्या मटकीत माझं नाव नव्हतं.

पुढे वाटाण्याच्या हंगामात मी पुरंदरला माल बघायला जायला लागले. तिकडचा वाटाणा गोड असतो. एका शेतकऱ्याच्या बांधावर आम्ही भाव करत होतो. वयस्कर माणूस, पागोटं बांधलेलं, डोळ्यांवर विश्वास नसल्यासारखा माझा काटा तीनदा तपासणारा. मला असा माणूस आवडतो. त्याने विचारलं, "पावणं कुठलं?"

मी सांगितलं, जुन्नर-आंबेगाव.

त्याने काटा सोडला. "म्हंजी ते इमानतळ तुमच्याकडचंच की!"

"आमच्याकडचं कसलं, खेडचं."

"एकच झालं. तुमी नको म्हनलं म्हनून आमच्या बोडक्यावर आलं. न्या की परत! आमी भाड्याचं वहान बी देतो."

"आमी कुठं नको म्हनलं? आमचे लोक तर वाट बघत बसले व्हते."

"मंग पाठवलं कशाला?"

"मी पाठवलं का?"

"तुमी न्हाई तर तुमच्या भावानं. कुनीतरी पाठवलंच ना. आमच्या अंजिराच्या बागा हायेत हितं, सीताफळ हाय. तुमच्याकडं माळ व्हता नुसता!"

माझ्या वडिलांच्या माळाला नुसता माळ म्हटल्यावर मला राग आला. कालव्याखाली आल्यापासून तिथे काय काय पिकतं हे मी त्याला तावातावाने सांगायला लागले. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "एवढी चांगली हाय तर तुमी का न्हाई करत?" वाटाणा मी त्याने सांगितलेल्या भावात घेतला. सौद्यातली ही माझी दुसरी हार होती, आणि दोन्हीला विमानतळ जबाबदार होतं.

तिकडचा विरोध वाढला तशी आमच्याकडे पुन्हा कुजबुज सुरू झाली. पुरंदरवाले ऐकत नाहीत, आता विमानतळ परत खेडला येणार. कुणी सांगितलं, कुठे छापून आलं, याचा पत्ता नाही. त्यात भर म्हणून कालव्याच्या कडेने तीन पायांचं यंत्र घेऊन दोन माणसं हिंडताना दिसली. पारावर पुन्हा काठी निघाली, मातीत रेघ निघाली. आणि यावेळी रेघेबरोबर एक नवीन गोष्ट जोडलेली होती : म्हणे या खेपेला जेवढे खातेदार तेवढे विकसित प्लॉट मिळणार. ज्याच्या सातबाऱ्यावर नावं जास्त, त्याच्या घरात प्लॉट जास्त.

चौथ्या दिवशी भाऊ माझ्या माल निवडायच्या शेडवर आला. हातात पेढ्यांचा पुडा, काखेत साडीची पिशवी. भाऊबीज आठ महिने लांब होती. मी क्रेट उपडा करून टोमॅटो निवडत होते. मी त्याला बस म्हणाले नाही. धंद्यात मी आधी बोलत नाही.

तो थोडा वेळ उभा राहिला. "यंदा माल बरा दिसतोय, आक्का."

मी टोमॅटो बघत राहिले.

"आई आठवन काढती."

"काल फोन झाला आमचा."

"आक्का, मी काय म्हनतो, तुझं नाव परत घालावं म्हनतो."

"कशावर?"

"सातबाऱ्यावर. बापाची जमीन हाय. बहिनीचं नाव पायजेच. मला लई दिवस मनाला लागून राहिलं व्हतं."

"का रे? पट्टी माफ झाली का?"

तो पुड्याची दोरी सोडायला लागला. मी त्याला सोडू दिली. मग म्हणाले, "प्लॉटचं मी बी ऐकलंय. नारायणगावात तुझ्या आधी बातमी येती."

त्याच्या चेहऱ्यावरून मला बुडाचा माल दिसला. मी हात धुतले, त्याच्यासमोर क्रेट पालथा घालून त्यावर बसले आणि सौदा सुरू केला.

"दोन अटी. पहिली, बक्षीसपत्र आज-उद्यात करायचं. विमानतळाची वाट बघायची न्हाई. आलं तर आलं, न्हाई आलं तरी नाव माझंच. परत हक्कसोड मागायची न्हाई."

"आगं पन आधी जाहीर तर हुंदे—"

"मंग जाहीर झाल्यावर ये. तवा माझा भाव येगळा आसंल."

त्याने मान खाली घातली. "दुसरी?"

"कचेरीत जायच्या आधी घरी जायचं. आईला सांगायचं, धावपट्टी म्हंजे काय, आन तुला ते कधी कळलं."

"ते कशाला आता? म्हातारी हाय."

"दोन्ही अटी एकत्रच हायेत. सुट्या इकत न्हाई मी."

त्याने पेढे तिथेच ठेवले आणि निघून गेला. मला वाटलं सौदा मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला : ये.

आई ओट्यावर मटकी निवडत होती. भाऊ तिच्यासमोर उकिडवा बसला, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा सरळ बोलला. "आई, ती धावपट्टी पट्टी नव्हती. इमान धावतं त्या रस्त्याला म्हनत्यात. मला तवाच म्हाईत व्हतं. तू चुकीचं ऐकलंस आन मी तसंच चालू दिलं. आक्काचं नाव त्यानं निघालं."

आईचं सूप थांबलं. दारात उभी असलेली भावजय आत गेली. आईने सूप बाजूला ठेवलं.

"मंग तवा का न्हाई सांगितलंस?"

"तू इचारलं न्हाई."

"मला म्हाईत आसतं तर इचारलं आसतं का रं भाड्या?" तिने त्याच्या अंगावर मूठभर मटकी फेकली. मला वाटलं आता माझी बाजू घेईल. ती माझ्याकडे वळली. "आन तू गं? दुनियेच्या टमाट्याचं बूड बघत हिंडतीस. सही करताना तुझं डोळं कुठं गेलतं?"

"तुझ्याकडं बघत व्हते," मी म्हणाले.

ती खाली सांडलेली मटकी एकेक वेचायला लागली. मीही बसून वेचली. भाऊही वेचत होता. तिघांत मिळून ओंजळभर सुद्धा नव्हती, पण बराच वेळ लागला.

त्याच आठवड्यात आम्ही घोडेगावला गेलो. यावेळी मी चष्मा नेला होता. बक्षीसपत्र मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचलं. गट नंबर वाचला, चतुःसीमा वाचल्या, पूर्वेला कोण आणि पश्चिमेला कोण ते वाचलं. मागे रांग खोळंबली होती. कारकून म्हणाला, "बाई, घरी जाऊन वाचा." मी म्हणाले, "न वाचता घरी जायची चूक एकदा केली, साहेब." एका जागी माझ्या नावापुढे सासरचं गाव चुकलेलं निघालं. ते बदलून नवा कागद काढायला लावला. भाऊ भिंतीला टेकून आकाशाकडे बघत होता. मिसळ मी खाऊ घातली.

फेरफार मंजूर होऊन उताऱ्यावर माझं नाव आलं त्याच सुमारास ते तीन पायांचं यंत्र कशासाठी होतं हे उघड झालं. कालव्याची मोजणी होती. गळती कुठे आहे आणि कोणाच्या शेताला किती पाणी जातं हे बघत होते. विमानतळ होतं तिथेच होतं, म्हणजे पुरंदरला, कागदावर. भावाचा फोन आला. म्हणाला, "आक्का, त्या बक्षीसपत्राचं—"

"पेढे चांगले व्हते," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मला वाटलं होतं आता मी सुखाने झोपेन. माझ्या नशिबात ते नाही. दोन महिन्यांनी भाऊ पुन्हा शेडवर आला. मोटारसायकलवरून उतरला तोच हसत. इतका खूश मी त्याला पांढऱ्या गाड्यांच्या काळातही बघितला नव्हता. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

"घे आक्का. आली तुझी पट्टी."

पाटबंधारे खात्याची पाणीपट्टी होती. मोजणीनंतर नव्याने काढलेली, खातेदारांच्या नावांसह. माझं नाव तिसरं होतं. आईने फोनवर जे सांगितलं होतं, नाव राहिलं तर पट्टी भरावी लागेल, ते अक्षर न् अक्षर खरं झालं होतं. भावाने शेडवर येण्याआधी आईला ते वाचून दाखवलं होतं, आणि ती पदर तोंडाला लावून हसत होती, हेही त्याने मला मुद्दाम सांगितलं.

मी कागद उलटा केला. मागची बाजू वाचली. मग पुन्हा पुढची वाचली.

"यात पान्याच्या पाळ्या लिहिल्यात," मी म्हणाले.

"हां मंग?"

"माझ्या वाट्याची पट्टी मी भरते. माझ्या वाट्याची पाळी कुठाय?"

त्याचं हसू गेलं. "तुला काय करायचीय पाळी? तू काय शेती करनार हायेस?"

"कालव्याच्या कडेचा कोपरा मला दे. मेथी टाकीन."

"आगं तिथं माझा घास हाय गाईंचा!"

"मंग पट्टी बी गाईंना भरायला सांग."

अर्धा तास आम्ही भांडलो. शेडवरच्या बाया निवडायचं सोडून बघत होत्या. शेवटी त्याने कोपऱ्यातला अर्धा भाग सोडला, अर्धा घासासाठी ठेवला, आणि पाळी मंगळवारची ठरली. मंगळवार नारायणगावला मोठ्या आवकेचा दिवस. तो वार त्याने मुद्दाम दिला हे मला कळत होतं. मी घेतला.

आता दर मंगळवारी सकाळी मी पिकअप ड्रायव्हरच्या हवाली करून माहेरी जाते. वय झाल्यावर चिखलात उभं राहून वाफे भरायचे म्हणजे कंबर मोडते. पेपरात विमानतळाबद्दल अजून काहीतरी येतच असतं, चाचा फोन करून मोठ्याने वाचून दाखवतात, आणि मी त्यांना सांगते की मला त्यातलं काही ऐकायचं नाही. गेल्या मंगळवारी मी पोचले तर पाणी माझ्या मेथीत येतच नव्हतं. वर जाऊन बघितलं. भावाने पाटाचं घासाकडे पाणी सोडायचं दारं उघडं ठेवलेलं होतं. मी फावडं उचललं, ते बुजवलं आणि बांधावरून त्याला अशी हाक मारली की ओट्यावरून आईने विचारलं, आता कसली पट्टी आली?